बारा तासांची काठी

१ जानेवारी २००३, बुधवार. सकाळी ७.
नवीन वर्ष, नवीन वही. वही शाळेच्या कपाटातली आहे. आठ वर्षं या गावात पी.टी. शिकवतोय, एका वहीवर माझा हक्क आहेच.
संकल्प: १) रोज मैदानाच्या पाच फेऱ्या. २) चिडायचं नाही.

रात्री. फेऱ्या झाल्या नाहीत, थंडी फार. चिडलो चार वेळा. चारही वेळा चूक समोरच्याची.

३ जानेवारी.
आमचा रिले संघ २ फेब्रुवारीला पुण्याला स्पर्धेला जायचा आहे. हेडबाई गीताबाई म्हणतात, शाळेत पैसा नाही, तुम्ही निधी उभा करा. जो उभा करेल तोच प्रशिक्षक म्हणून मुलांबरोबर जाईल. म्हणजे मीच. दुसरा आहे कोण? शिपाई काळूराम?
माझी योजना: बारा तास अखंड रिले. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, आठ मुलं आळीपाळीने मैदानावर पळणार, बॅटन एक क्षणही थांबणार नाही. लोक बघायला लोटतील, खिशात हात घालतील. शेवटची फेरी स्वतः प्रशिक्षक मारणार. तारीख १९, रविवार. सासुरवाडीहून आलेल्या कोल्हापूरच्या कॅलेंडरात बघितलं, दिवस मोकळा आहे.

६ जानेवारी.
तारीख जाहीर केली. काळूराम मध्येच म्हणाला, सर, एकोनीस नको, त्या दिशी गावात कुत्रं पन नाय राहनार. पुढे काही सांगत होता, मी गप्प केलं. शिपायाने घंटा वाजवावी, तारखा ठरवू नयेत. तेवढ्यात संघातली भिमी हात वर करून तेच बोलायला लागली. तिला संघातून काढलं. सगळ्यात वेगात पळते हे खरं, पण शिस्त आधी. सात किलोमीटरवरच्या पाड्यातून रोज धावत शाळेत येते, त्यात कौतुक कसलं? टेक्निक शून्य.
हिला पळायला काळूरामने शिकवलं म्हणे. तरीच.

९ जानेवारी.
मुरबाडच्या टेलरकडून ट्रॅकसूट आणला. निळा, पाठीवर पांढऱ्या अक्षरात ‘प्रशिक्षक’. पोटापाशी चेन अडकते. भांडलो. तो म्हणे, सर, माप बराबर हाय, पोट फुडं गेलंय. त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. घरी सरिता म्हणाली, श्वास घेऊ नका, मग लागेल. बायको नव्हे, वैरीण.
फेऱ्या: उद्यापासून.

१३ जानेवारी.
पत्रकं छापली. नियम माझाच: ‘बॅटन थांबल्यास कार्यक्रम तिथेच रद्द व देणग्या परत.’ धाक असल्याशिवाय इथे कोणी काम करत नाही. हेडबाई म्हणाल्या, असा नियम कशाला? त्यांना खेळातलं काय कळतं?
प्रमुख पाहुणे: भातगिरणीवाले देवजीशेठ. ‘बघू’ म्हणाले. म्हणजे होच.

१७ जानेवारी.
आज एक फेरी मारली. अर्धी पळत, अर्धी निरीक्षण करत. गुडघा दुखतो. मैदान उताराचं आहे, ग्रामपंचायतीला सुनावलं पाहिजे.

१९ जानेवारी. सकाळी ६.१५.
सुरुवात झाली. खुर्च्या शंभर, माणसं शून्य. थंडीमुळे असेल.

९.३०.
अजून शून्य. देवजीशेठच्या घरी निरोप पाठवला. त्यांची बायको म्हणाली, ते गेले म्हशाला, बैलजोडी बघायला. तेव्हा कळलं. म्हसा गावची यात्रा सुरू आहे, बैलबाजारासकट. अख्खा तालुका तिकडे. आठ वर्षांत मला एकाने सांगितलं नाही. ही माणसं मुद्दाम करतात.
काळूराम म्हणतो, मानसं तिकडं हायेत तर काठी तिकडं नेऊ. बॅटनला काठी म्हणतो गाढव. म्हसा बारा किलोमीटर. मी नाही म्हटलं. रिले मैदानावर होतो, बैलबाजारात नाही. मी माइकवर कॉमेंट्री चालू ठेवली.

दुपारी १.४०.
पोहे खाऊन दहाच मिनिटं डोळे मिटले होते. उठतो तर मैदान रिकामं. माइकवाला म्हणाला, गेली समदी म्हशाला, काळूरामबी गेला. फुडं ती भिमी होती, काठी घेऊन. तुमाला उठवत व्हते, तुमी नाय उठलात.
सगळ्यांना सस्पेंड करणार. काळूरामला आधी.

संध्याकाळी ७.
पावणेसहाला परत आले. बारा किलोमीटर जाऊन, यात्रेत पळत फिरून, बारा किलोमीटर परत. बॅटन एकदाही थांबली नाही म्हणे. मागे टेम्पोत निम्मं गाव, देवजीशेठसुद्धा. घोंगडीवाल्याने दोन घोंगड्या दिल्या, बायकांनी तांदूळ, देवजीशेठने बैल न घेता ते पैसेच दिले. पुण्याचा खर्च निघून उरेल.
शेवटची फेरी माझी. सूट चढवला, चेन उघडीच. बॅटन घेतली, निघालो. पहिल्या वळणापर्यंत उत्तम. तिथे जरा थांबावं लागलं, वाऱ्याची दिशा पाहायला. गाव ओरडलं, थांबली, थांबली, काठी थांबली! कोणीतरी माझंच पत्रक वाचून दाखवलं. पाय थांबले होते, पण हात हलत होता; तो थांबायच्या आत भिमीने बॅटन ओढली आणि अनवाणी सुटली. फेरी तिनेच पूर्ण केली. टाळ्या इतक्या, की मला खाली बसावं लागलं.
नियमाप्रमाणे हे बॅटन एक्स्चेंजच. मी दिली, तिने घेतली.

२४ जानेवारी.
हेडबाईंचा निर्णय. निधी उभा केला काळूरामने, पुण्याला तोच जाणार. भिमी परत संघात. मी म्हटलं, कल्पना कोणाची होती? त्या म्हणाल्या, कल्पना तुमची, म्हणून तर कार्यक्रम रद्द होत होता.
वर म्हणाल्या, ट्रॅकसूट त्याला द्या, शाळेची शान राहील. दिला. काळूरामने तिथेच घालून बघितला. चेन गळ्यापर्यंत गेली.
वाईट वाटलं. लिहून ठेवतो, ही वही कोण वाचतंय!

१ फेब्रुवारी. सकाळी ७.
गावातल्या स्टँडवर त्यांना पोचवायला गेलो नव्हतो. दूध आणायला गेलो होतो, स्टँड वाटेत लागतो. एसटी सुटताना भिमीने खिडकीतून विचारलं, सर, तुमी नाय येत? म्हटलं, मला इथे फार कामं आहेत. तिने हात हलवला. पाठमोरा काळूराम दिसत होता. अक्षरं छान आली आहेत, लांबूनही वाचता येतात. गाडी वळेपर्यंत वाचत होतो.
घरी आलो. सरिताने विचारलं, दूध कुठाय?