सहाशे चाळीस अंशांचा काप

प्रिय गारगोटी,

या दोन हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो. दगड कापायची एक करवत, शिलाई मशीनच्या जुन्या मोटरवर चालणारी. घासायच्या चार चकत्या, पैकी एक बिडाची. खडक वितळवायच्या भट्ट्या तीन, तिसरी अजून चालते. खडकांचे पातळ काप अकरा हजारांच्या वर, प्रत्येक केसाहून बारीक. आणि तुझ्या उंचीचं ते स्टूल, ज्यावर उभी राहून तू सातव्या वर्षी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलास. कॉलेजची पायरी मी चढलो ती वर्गात बसायला नव्हे, भूशास्त्राची प्रयोगशाळा झाडायला. बाकी सगळं बघून बघून आणि बोटं कापून घेऊन शिकलो. आत्मस्तुती वाटेल. वाटू दे.

तुझं तीन पानी पत्र आणि सोबत तुझा नि तुझ्या मार्गदर्शक सरांचा निबंध, दोन्ही मिळाली. पत्रात ‘सर म्हणतात’ चौदा वेळा आलंय. मी लाल पेन्सिलीनं खुणा केल्या. आईनं ते पाहिलं, नाक वर करून वास घेतल्यासारखं केलं आणि विचारलं, “भट्टी बंद आहे ना? मग जळतंय काय?” मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. उत्तर तिला तरी कुठे हवं होतं?

सर विद्वान आहेत, नाही म्हणत नाही. पण तू लिहितेस, सर म्हणतात की खडक एकटा वितळत नाही, शेजारामुळे वितळतो. अगं, हे वाक्य कुणाचं? तू पाचवीत होतीस, पोट दुखतंय अशी थाप मारून माझ्या टेबलाखाली बसली होतीस. एवढा ग्रॅनाइट येतो कुठून, असं विचारलंस. मी सांगितलं होतं की जमिनीच्या कवचातले जुनेच खडक खोल गाडले जातात, तापतात, आणि त्यांचाच शिलारस होतो. नुसता क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच, सोळाशे अंशांनाही दाद देत नाही. पण त्याला शेजारचं खनिज फेल्डस्पार येऊन टेकलं, अभ्रकानं आपल्या पोटातलं पाणी सोडलं, की निम्म्या आचेवरच तिघं जिथे भेटतात त्या कोपऱ्यात पहिला थेंब सुटतो. असे थेंब फटीफटीतून एकत्र येतात आणि हलके म्हणून वर निघतात. खाली उरतो तो काळपट, चिवट गाळ. तू लगेच म्हणालीस, “म्हणजे शेजाऱ्यामुळे बिघडतो.” मी म्हटलं, बिघडत नाही, वितळतो. आता तेच वाक्य सरांच्या सहीनं मला परत आलं. तू ते त्यांना दिलंस की त्यांना आपलं आपण सुचलं, मला ठाऊक नाही. विचारणारही नाही.

दोन वर्षांपूर्वी ते आपल्याकडे आले होते. माझी तिसरी भट्टी त्यांनी चौफेर पाहिली आणि म्हणाले, “छान घरगुती आहे हो.” तू हसलीस. मोठ्यानं नाही, त्यांना बरं वाटावं एवढंच. तेवढं हसू मी आजवर गिळू शकलेलो नाही. लहानपणी कुणी माझ्या कामाला हसलं तर तू त्याच्या पायावर पाय द्यायचीस.

असो. आता कामाचं, आणि हे नीट वाच. चार महिन्यांपूर्वी तुमच्या प्रयोगशाळेतून भाजलेल्या खडकाचे बारा तुकडे काप करायला आले. कारण एवढं पातळ तिकडे कुणाला जमत नाही. सातवा तुकडा सहाशे चाळीस अंशांचा, वरून पाणी न घालता तापवलेला. तो हातातच भुगा व्हायला लागला, म्हणून कण धरून ठेवायला मी त्याला आधी पातळ राळ पाजली. असा राळ प्यायलेला काप असला की बघणाऱ्याला कळावं म्हणून काचपट्टीच्या कोपऱ्यावर मी हिऱ्याच्या टोकानं फुली मारतो. अठ्ठावीस वर्षं मारतोय. त्या दिवशी मारली नाही. पार्सलात सरांची चिठ्ठी होती, ‘कृपया काम स्वच्छ व्हावे.’ मला स्वच्छतेची शिकवण! त्या रागात बाराही काप रात्र पडायच्या आत गुंडाळून पाठवून दिले. तुमच्या निबंधातल्या तिसऱ्या छायाचित्रात कणांच्या मधून जी काळी रेघ फिरते, जिला तुम्ही गोठलेला शिलारस म्हटलंय, ती माझी राळ आहे. राळ काय नि शिलारस गोठून झालेली काच काय, दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली तशाच काळ्या दिसतात, फसायला होतं. एवढ्या कमी आचेवर पहिला थेंब सुटतो हा तुमचा सगळा डोलारा त्या रेघेवर उभा आहे.

छायाचित्र पाहताक्षणी मला कळलं होतं. त्याला आज एकोणीस दिवस झाले. निबंध वाचला जाईल तेव्हा भरल्या सभेत कुणी उठून सरांना विचारील, त्यांचा चेहरा कसा होईल, हे मी रोज चहाबरोबर चाखत होतो. निबंधावर पहिलं नाव तुझं आहे, तेही पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तरी गप्प बसलो. असा तुझा बाप.

म्हणून हे पत्र. गुरुवारी तू सभेत उभी राहायच्या आधी ते छायाचित्र काढ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, सुई तापवून त्या रेघेला टेकव. राळ असेल तर मऊ पडेल, काच मऊ पडणार नाही. सरांना सांग की चूक काप करणाऱ्याची आहे, फुली विसरला. हे माझं नाव घेऊन सांग. आणि एक गोष्ट त्यांनी तुला सांगितली नसावी. तोच काप पाहून खूश होऊन त्यांनी मला कळवलं होतं की इकडे या, काप आणि भट्टी दोन्ही तुमच्या हाती देतो. प्रामाणिकपणानं नाकारलं असं समजू नकोस. रोज तू त्यांच्या शेजारी बसून मला ‘बाबा, एवढा घासून देता का’ म्हणाली असतीस, ते मला सोसलं नसतं. महिना पंच्याऐंशी हजार देत होते, आणि राहायला तुझ्या खोलीपासून चार मिनिटांवर जागा. मी नको म्हणून कळवलं.

तुझाच,
बाबा