ठकूने कडी काढली

२४ जून

ती. स्व. दादास,
धाकटीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर बोलायला लागले की मी मध्येच रडते आणि तू घाबरतोस, म्हणून लिहायला बसले. आम्ही बरे आहोत, म्हणजे उभे आहोत. ह्यांची छापखान्यातली रात्रपाळी चालूच आहे. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर. घरासमोरचा रस्ता ओलांडला की दुकान, एवढंच काय ते सुख. ठकू शाळेतून आली की तासभर ह्यांच्याजवळ असते, मग मी पोचते.

तिला हातांच्या थेरपीला नेते. थेरपीच्या बाई म्हणतात, डाऊन सिंड्रोमच्या मुलांचे स्नायू सैल असतात, सांधे फार लवचीक असतात, त्यामुळे बोटांना जोर मिळत नाही. म्हणून आधी बसणं नीट हवं. पाय टेकलेले, कोपर टेबलावर. नाहीतर सगळी ताकद सावरून बसण्यातच संपते. मग भिंतीवर कागद चिकटवून उभ्याने रेघोट्या काढायच्या, म्हणजे मनगट बळकट होतं. खडू मुद्दाम मोडून एवढासा तुकडा द्यायचा, म्हणजे तो मुठीत धरता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. लहानपणी खडू मोडला म्हणून मी मास्तरांचा मार खाल्ला होता, आता लेकीसाठी डबाभर मोडून ठेवते.

पण माझी चोरी बाईंनी पकडली. सकाळच्या घाईत तिचं सगळं मीच उरकते. त्यांनी सांगितलं, रेनकोटची चेन तुम्ही वर ओढा, पण शेवटचं बोटभर तिला ओढू द्या. ते जमलं की आणखी थोडी सोडा. सहा वर्षांची झाली पोर. चेनच्या टोकाशी मी रोज ताटकळते आणि मनात शाळेची बस सुटत असते.

तिचे पाय टेकतील असा एक पाट करशील का? आणि बाई म्हणाल्या, मामा सुतार आहेत तर कड्या-बोल्ट लावलेली एखादी फळीही मिळाली तर उत्तम.

तुझीच,
दमलेली धाकटी

५ जुलै

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पाट आणि फळी पाठवतोय. फळीवर कडी, बोल्ट, साखळी आणि बुटाचा पट्टा आहे. कडी जरा जड ठेवलीय. तिला मदत करायला तुझे हात शिवशिवतील, तेव्हा ते पदरात गुंडाळून ठेव. तुझी वहिनी म्हणते, पोरीला खेळणं द्यायचं सोडून ह्यांनी दार पाठवलं. कडा मी दोनदा घासल्यात, बोटात कुसळ जायचं नाही.

दाजींना नमस्कार, ठकूला गालगुच्चा. जेवत जा वेळेवर.

दादा

२९ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
नमस्कार.

तुझी फळी ठकूला पुरती आली. बाईंनी तिची पाठ थोपटली, माझीही. आणि मंगळवारी, शाळेतून आल्यावर, ह्यांचा डोळा लागला असताना तिने दाराची कडी काढली, दोन जिने उतरली, रस्ता ओलांडला आणि आमच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिली. मी मान वर न करता पुढच्याला बोलावलं. कोणी चिठ्ठी पुढे करेना, म्हणून वाकून पाहिलं तर ही. बूट उलट्या पायांत, पण पट्टे लावलेले. दादा, मला आधी ते पट्टे दिसले. रस्ता नंतर आठवला, आणि मग काउंटरमागून धावत येऊन मी तिला उचलून घेतलं.

घरी येऊन मी ह्यांना नको ते बोलले. झोपायलाच घरी येता का, असं. ते संध्याकाळी कुलूप घेऊन आले. आता दार आतून कुलूपबंद असतं आणि किल्ली ह्यांच्या खिशात. ठकू येते, कुलूप हलवून बघते आणि तिथेच खाली बसते. फळीला हात लावत नाही. थेरपीलाही मुठी घट्ट मिटून बसते. बाई चिमटे दाखवतात, मणी दाखवतात, ही भिंतीकडे बघते.

हात चालावेत म्हणून आपण सगळ्यांनी जीव आटवला, आणि हात चालायला लागले तर दाराला कुलूप. मग हा खटाटोप कशासाठी? थेरपी बंद करावी असं मनात येतंय. तुझ्यावर राग नाही. आहे थोडा.

धाकटी

५ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

राग माझ्यावर काढ, माझी पाठ रुंद आहे. पत्र वाचलं आणि हातातला रंधा खाली ठेवला. तुझी वहिनी म्हणाली, कुलूप राहू दे, जीव मोठा की हौस मोठी? मलाही पटलं. पण दुपारी जेवताना वाटलं, घरात काही पेटलं आणि किल्ली झोपलेल्या माणसाच्या खिशात असली तर? मग ताट बाजूला सारलं.

दुकानाच्या दाराला असते तशी, दार उघडताच वाजणारी घंटा घेऊन रविवारी येतो. कुलूप मात्र मी काढणार नाही, ते दाजींनीच काढायचं. त्यांना बोल लावू नकोस. रात्रभर यंत्रापाशी उभं राहिलेल्या माणसाला झोप लागणारच. रस्त्याची अक्कल तिला नाही हे खरंच, आणि ती काही माझ्या फळीवर बसवता येत नाही. तिला हाताला धरून तुम्हालाच फिरावं लागेल.

थेरपीचं म्हणशील तर दमली असशील तर थांब थोडी. घाबरून मात्र थांबवू नकोस.

दादा

२२ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
मनापासून नमस्कार.

तू गेल्यावर ह्यांनी किल्ली मला न देता खिडकीत ठेवली आणि कुलूप कपाटात. आपली खाट दाराजवळ ओढून घेतली. पोर शाळेतून आली की घंटा सारखी वाजते. हे दचकून उठतात, करवादतात, तिला आत आणतात. डोळ्यांखाली काळं आलंय त्यांच्या. संध्याकाळी आम्ही तिघं रस्ता ओलांडायला जातो, दुसरं काही काम नसतं. थांबायचं, बघायचं, हात धरायचा. ती अजून ओढ घेते, त्यामुळे रस्त्याचं कोडं सुटलंय असं समजू नकोस.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी थेरपी आठवड्यातून एकदाच ठेवली आणि म्हणाल्या, घरातलंच काम द्या. आता दोरीवरच्या कपड्यांना चिमटे ती लावते. मोजे कधी एकाच चिमट्यात तीन असतात.

आज सुट्टी होती. मी मटार सोलत होते, तेवढ्यात घंटा वाजली. हे उठायला लागले, मी हातानेच थांबवलं. का, ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही. पायऱ्यांवर बूट वाजले, थांबले, पुन्हा वाजले. मग खालच्या मजल्यावरच्या आजींच्या दारावर थाप पडली आणि आजींचा आवाज आला. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती वर आली. कुठे गेली होतीस म्हणून विचारलं तर म्हणाली, खाली. ते असं म्हणाली, जणू आम्ही दोघं तिथे कधी गेलोच नव्हतो. मग दार लावून घेतलं आणि कडी घातली.

हे कूस बदलून झोपले. मी मटार सोलत राहिले, पण दाणे हातातून निसटत होते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो माझ्यासारखा दमू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी