सेंट ब्रिजिडाच्या संघाला म्यूझ हवी

हारो, इलोइलो
१९ जुलै

प्रिय मनांग पुरिंग,

तुझा हात इथूनच कपाळाला लावते. मी सत्तरी ओलांडली म्हणून तू माझी मनांग, थोरली बहीण, व्हायची थांबत नाहीस. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली त्याच दिवशी तू नातवाचा पतंग काढायला पत्र्यावर चढलीस, असं तुझ्या सुनेने कळवलं. यावर मला काही म्हणायचं नाही. (पुष्कळ म्हणायचं आहे, पण कागद संपेल.) माझी तब्येत ठीक आहे. रक्तदाब तेवढा वाढलाय, आणि त्याला बास्केटबॉल जबाबदार आहे.

एक्केचाळीस वर्षं पोरींना गणित शिकवून मी निवृत्त झाले, आणि तीन वर्षं ऑर्किड सोडून कुणाशी वाद घातला नाही. जूनमध्ये आमच्या सेंट ब्रिजिडा कॉलेजच्या प्राचार्या सिस्टर बेनिल्डा घरी आल्या. (नववीत मी त्यांना भूमितीत दोनदा नापास केलं होतं. त्या विसरलेल्या नाहीत.) मुलींच्या बास्केटबॉल संघाला एक वडीलधारी बाई हवी, म्हणाल्या. "फक्त बाकावर बसायचं, मॅम. मुली वाईट बोलल्या तर खोकायचं." खोकायला काय जातंय, म्हणून मी हो म्हटलं.

संघ म्हणजे नऊ मुली, तीन चेंडू आणि एलिसेओ. एलिसेओ कॉलेजची बस चालवतो आणि उरलेल्या वेळात प्रशिक्षक असतो. नवा हंगाम जवळ आलाय म्हणून पहाटे पाचला सराव. पहिल्याच दिवशी कळलं की चेंडू हाती आल्यावर चोवीस सेकंदांत तो बास्केटकडे टाकावा लागतो, आणि ते सेकंद दाखवणारं घड्याळ गेल्या वादळात पाणी शिरून बंद पडलंय. एलिसेओ अंदाजाने ओरडायचा. अंदाज मला आयुष्यात चाललेला नाही. मी हिशेब केला: आपल्या कॉन्व्हेंटच्या चालीने एक 'नमो मारिया' म्हणायला अकरा सेकंद लागतात. म्हणजे दोन 'नमो मारिया' आणि एक क्रूसाची खूण, झाले चोवीस. आता चेंडू हाती आला की आठ जणी एका लयीत पुटपुटायला लागतात. आठच, कारण ग्विमारासची पिपा बाजारात आंबे विकत वाढलेली, तिची प्रार्थना सहा सेकंदांत संपते आणि ती बाकीच्या पोचायच्या आत चेंडू टाकून मोकळी होते. पासीच्या कॉलेजशी सरावाचा सामना झाला तेव्हा त्यांना तिसऱ्या मिनिटाला कळलं की आमच्या मुली 'आमेन'ला चेंडू टाकतात. त्या 'आमेन'ला बरोबर उड्या मारायला लागल्या. एलिसेओ डोकं धरून म्हणाला, "मॅम, ह्या पोरी खेळतायत की नऊ दिवसांची नोव्हेना करतायत?" मी म्हटलं, "तुझ्या पद्धतीने खेळून गेल्या वर्षी काय झालं?" गेल्या वर्षी आठ सामने होते आणि आठही हरलो.

का हरलो, तेही ऐक. संघाची कर्णधार लिओनिला, एस्तान्सियाच्या कोळ्याची मुलगी, उंची पाच फूट अकरा. तिच्यावाचून हा संघ म्हणजे खांब काढलेलं घर. गेल्या वर्षी आमच्याच कॉलेजच्या मुलांच्या संघाने तिला म्यूझ केलं. तुला ठाऊकच आहे आपल्याकडचं हे वेड. गल्लीतला संघ असो की कॉलेजचा, उद्घाटनाच्या मिरवणुकीत पुढे एक नटलेली बाई हवी, छातीवर साटीनचा पट्टा, चेहऱ्यावर हसू, आणि मागे खेळाडू वरातीसारखे. लिओनिलाला तीन इंची टाचांवर प्लाझाभोवती चालवलं. गटाराच्या जाळीत टाच अडकली, घोटा गेला, हंगाम गेला. मुलांच्या संघाला मात्र 'उत्कृष्ट म्यूझ'चा करंडक मिळाला, आणि त्यांनी तो तिला पाहायलासुद्धा दिला नाही.

मी लीगच्या सचिवांना, श्रीयुत वालदेरामांना, चार पानी पत्र लिहिलं. मिरवणुकीत बाई मिरवायची असेल तर ती खेळाडू नको, तिला खेळायचं असतं. विद्यार्थिनीही नको, तिला अभ्यास असतो. असावी तर अशी, की जिच्याकडे पाहून मुलींनी काही शिकावं. म्हणजे ही प्रथाच बंद करा, असा माझा सरळ अर्थ होता. आठवड्यात उत्तर आलं. (शुद्धलेखन भयंकर.) प्रथा बंद होणार नाही, पण बाईंच्या तिन्ही सूचना नियम म्हणून मंजूर. म्यूझ अविवाहित हवी आणि संस्थेशी संबंधित हवी, हे जुने दोन नियमही कायम. मुलींच्या संघांनाही लागू. जो संघ म्यूझशिवाय येईल, तो हंगामातून बाद.

गणित मीच शिकवलंय, त्यामुळे बाकी किती उरली हे मला लगेच कळलं. सेंट ब्रिजिडात सगळ्या शिक्षिका लग्न झालेल्या आहेत. सिस्टर लोकांना पट्टा घालता येत नाही. (सिस्टर बेनिल्डांनी हे सांगताना मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. खांदे हलत होते.) उरले मी, बिनलग्नाची.

मी स्पष्ट नाही म्हटलं. तर परवा संध्याकाळी अख्खा संघ माझ्या अंगणात. लिओनिलाच्या हातात कागदात बांधलेलं पुडकं.

"मॅम, तुम्ही नाही चाललात तर संघ बाद. संघ बाद तर माझी फीमाफी बाद. नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. बाबा म्हणतात, ये परत, बोटीवर एक माणूस कमीच आहे."

"हा दबाव आहे का?"

"नाही मॅम. ही वाळवलेली मासळी आहे."

पिपा मध्येच, "सोप्पं असतं हो मॅम! हात असा हलवायचा, बल्ब बसवल्यासारखा. आणि हसायचं. हसणं जमत नसेल तर दात दाखवायचे."

मी त्यांना सुनावलं, की या हाताने मी तुमच्या आयांचे पेपर तपासलेत, तो बल्ब बसवणार नाही. ज्या प्रथेविरुद्ध चार पानं लिहिली तिच्याच पुढे पट्टा घालून चालायचं, याला आमच्या काळी ढोंग म्हणत. लिओनिलाने पुडकं पायरीवर ठेवलं आणि सगळ्या ओळीने निघून गेल्या. मासळी चांगली होती. माझा निर्णय पक्का आहे आणि त्यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

गुडघ्याला शेक दे. जिन्यापासून लांब राहा.

तुझी धाकटी,
ओरेलिया

ता.क. फुलपाखरासारख्या उंच बाह्यांचा तुझा मोरपंखी तेर्नो अजून आहे ना? तोच, जो घालून तू साखर कारखान्याच्या संघापुढे चालली होतीस, आणि मी सोळा वर्षांची असताना कॉन्व्हेंटमधून बाबांना कळवलं होतं की पुरिंगने घराण्याची अब्रू घालवली. ते पत्र मी मागे घेते. तेर्नो शुक्रवारच्या बोटीने पाठव. कंबरेत चार इंच सोड. सहा सोड.

ता.ता.क. टाचांचे बूटही पाठव. सपाट नकोत. पासीवाल्यांनी त्यांच्या ग्रंथपाल बाईंना उभं केलंय. वय फक्त बासष्ट, पण पोक काढून चालते. करंडकाशी मला कर्तव्य नाही, तरी अशा बाईला तो मिळणं योग्य नव्हे.

आणखी एक. अर्जावर मी परवा रात्रीच सही केली. मुलींना मात्र रविवारपर्यंत सांगणार नाही. धास्ती बसल्यापासून नऊच्या नऊ जणी पाचच्या ठोक्याला हजर असतात, आणि आज लिओनिलाने वीसपैकी अठरा चेंडू बास्केटमध्ये टाकले.