मधे कोण, याचा शेवटचा निकाल

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर घर चालवलेली बाई, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. दडपण कोणाचं नाही. आणायला कोणी आलं असतं तर कात्री हाताशीच होती. शाळा चौथीपर्यंत. वकिलाने मसुदा करून दिला होता, पण त्यात मी कुठे सापडेना, म्हणून स्वतःच लिहिते.

घराचा खालचा भाग मुलाच्या व सुनेच्या नावे. सून कधीपासून माझ्या शिवणखोलीकडे पार्लरच्या नजरेने बघते. उघड बाई तिथे पार्लर. आरसा मात्र माझाच ठेव, त्यात माणूस बारीक दिसतं.

शिलाई मशीन नातीला. तिला साधं बटण लावता येत नाही, पण उलट उत्तर माझ्यासारखं देते.

खरा मुद्दा वरच्या खोलीचा. मुलगा आणि त्याचे तीन मित्र, ढोल्या, चष्मा आणि लाजरा, विशीत तिथे गाणी बसवायचे. बँड गाजला. मुली आमच्या जिन्यात ठाण मांडून असायच्या. मग पोस्टरवर मधे कोण उभं राहणार, यावरून मुलगा आणि ढोल्या भांडले आणि सगळं मोडलं. त्यानंतर मुलगा मोबाइलची कव्हरं विकत बसला. घरात कोणी गुणगुणलं तरी उठून जायचा.

गेल्या वर्षी चौघं परत एकत्र आले. पोटं सुटलेली, केसांचा निकाल लागलेला. नवं गाणं केलं, 'तू गेलीस अन् मी सतराचा राहिलो'. मी विचारलं, "तुमच्यात सतराचा कोण रे?"

लाजरा म्हणाला, "मावशी, भावना सतराच्या आहेत."

"मग गुडघ्यांनाही कळव."

रेकॉर्डिंग वरच्याच खोलीत झालं. ते संपता संपता मी जिन्यातून ओरडले, "मेल्यांनो, जेवायला या, नाहीतर मांजराला घालते." ते गाण्यात तसंच राहिलं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "आजी, अख्ख्या गाण्यात सूर तेवढाच लागलाय." गाणं धो धो चाललं. आता रस्त्यातली पोरं मला बघून "मेल्यांनो" म्हणतात. हा माझा आवाज मी चौघांना सामाईक देते. कार्यक्रमात तोच वाजवावा, सुनेकडून नक्कल करून घेऊ नये. तिचा रागसुद्धा बेसूर आहे.

मुलगा हल्ली दाढी करताना गातो. वाईट गातो. पण गातो.

आणि काल पुन्हा तेच. पहिल्या कार्यक्रमाचं पोस्टर, मधे कोण? ढोल्या म्हणतो, "मी रुंद आहे, मधेच शोभतो." मुलगा म्हणतो, "खोली माझ्या आईची आहे." दारं आपटली. चष्मा कार्यक्रम रद्द करायचं बोलू लागला. आज सकाळी मुलाने दाढी केली नाही.

म्हणून वरची खोली मी चौघांना मिळून देते. कोणालाही आपला हिस्सा विकता येणार नाही. बँड मोडला तर खोली सुनेच्या पार्लरला. सूनबाई, तू त्यांना मुद्दाम भांडायला लावशील हे मी ओळखून आहे. तसं आढळल्यास खोली ढोल्याच्या बायकोला. तुमचं दोघींचं किती पटतं, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

शेवटचं. कार्यक्रमासाठी शिवलेले चार कोट कपाटात आहेत, एकाच कापडाचे, एकाच धाटणीचे. मी कार्यक्रमाआधी गेले तरी मला न्यायला तेच घालून यावं. रडू नये, त्या कापडावर पाण्याचे डाग पडतात. चौघांनी चार कोपरे खांद्यावर घ्यावेत. मुलगा आणि ढोल्या पुढे, शेजारी शेजारी, पाऊल जुळवून. माझा तोल गेला तर दोघांची खैर नाही.

मधे कोण, यावर त्या दिवशी चर्चा होणार नाही. मधे मी.

ठिकाण: शिवणखोली, खिडकीजवळ
दिनांक: ३ मार्च, सोमवार
सही: (माझीच, चष्मा लावून)

साक्षीदार १: कोपऱ्यावरचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. तपासताना मलाच गप्प बसवलं.
साक्षीदार २: समोरचा इस्त्रीवाला. चारही कोट इस्त्री करून दिले आहेत.