खिडकीला धरलेला फोटो

तीर्थरूप आईस,

वाकून नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझ्या गुडघ्याचं काय? बाबा गोळ्या घेतात की नुसत्याच मोजतात?

वंशावळीसाठी चुलतमामांनी तो जुना फोटो पाठवलाय, ज्यावरून तू आजीचा चेहरा मोठा करून घेऊन भिंतीवर लावला होतास. चार दिवस तो टेबलावर आहे आणि मी खोलीत येरझारा घालते आहे. काल ऑफिसात साहेबांनाच 'मामा' म्हणाले.

आजोबांनी मागच्या बाजूला, प्रत्येकाच्या बरोबर पाठीमागे त्याचं नाव लिहिलंय. ती नावं वाचून तू फोटोवाल्याला 'डावीकडून दुसरी' असं सांगितलं होतंस ना? पण फोटो उलटला की डावं उजवीकडे जातं, आई. मी तो खिडकीला धरला. उजेड आरपार आला, आणि आपल्या भिंतीवरच्या बाईवर नाव पडलं ते 'शेजारच्या मास्तरीणबाई'.

रागावू नकोस. आजी गेली तेव्हा तू दीड वर्षाची होतीस, तुला चेहरा कुठून आठवणार? आणि परीक्षेला जाताना आम्हाला त्यांच्याच पाया पडायला लावायचीस, म्हणून तर पास झालो असू. दादाला अजून काही बोलले नाही.

तुला तरी कळवावं की नाही, या विचारात तीन कागद फाडले. पण आजीचं नाव जिच्यावर पडतं, ती पलीकडची बाई कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. ती मांडीवरच्या मुलीचं झबलं सारखं करते आहे.

त्या मुलीवर तुझं नाव पडतं.

तुझी,
धाकटी