पेरूच्या केकवरची चकाकी

१२ जाने. ९६
पुन्हा तेच. पत्र आप्पांचं, अक्षर शेजारच्या मास्तरांचं. "कारागीर म्हनं! पीठच मळायचं हुतं तर जत सोडून बारामतीला कशाला गेलास? हितं तुझी आय मळतीच की." वडील आहेत म्हणून गप्प बसायचं. मागच्या पत्रात लिहिलं होतं की बेकरीत कारागीर झालो. खोटं होतं. अजून ट्रे घासतो, बनपावाला चकाकी यावी म्हणून ब्रशनं अंडं लावतो. एवढ्या लांबून त्यांना कसं कळतं?

१५ जाने.
केकचा कारागीर गावी गेला तो येतच नाही. हमीदचाचा, म्हणजे मालक, म्हणाले महिना संपेपर्यंत बघतो, मग पुण्याचा माणूस आणतो. मी म्हटलं मी शिकतो. चाचा हसले. "सातवी नापास, अन् केक करतो म्हन!" चाचींनी मात्र घरी बोलावलं. त्या पातेल्यात वाळू तापवतात, तिच्यावर केकचा डबा. केळ्याचा केला. वरून लाल, मधी पिठलं. चाची म्हणाल्या, "सारखं झाकान काढून काय बघतुस? नवरी बसलीय का आत?"

१९ जाने.
पेरूचा. बिया दातात, पाणी सुटून खालून ओला. फेकला. चाची म्हणाल्या, आधी शिजवून चाळणीतून काढ. अंड्याच्या जागी दही अन् सोडा. चौथ्या वेळी जमला. उभ्या उभ्या अर्धा खाल्ला. पण उद्या परत जमेल का, काय सांगावं.

२४ जाने.
सांगवीचे आबा आले. गळ्यात तुळशीची माळ, पिशवीत स्वतःच्या बागेतले पेरू. इंदापूरला लेकीकडं नातीचा वाढदिवस. "ह्याच पेरवाचा कर. पन अंड्याचा वाससुदीक नको. नात म्हनली आबा तुमीबी खायचा. आजवर केक तोंडात घातला न्हाय मी." चाचांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यो करतो." मी पेरवाची पिशवी उचलून आत नेली.

२५ जाने.
फुगला. वर पेरूच्या पातळ फोडी मांडून भट्टीत घातला, बनपावाच्या ट्रेशेजारी. बाहेर काढला तर काय चकाकी! चाचा पण वा म्हणाले. पण दह्याचा केक असा चमकत नाही. बनपावांवर अंडं लावता लावता ब्रश ह्याच्यावरून पण फिरवला होता. रोजची सवय हाताला, थांबलाच नाही.
तेवढ्यात आबा दारात. चाळीस रु. दिले, खोका घेतला. मी तोंड उघडलं. आबा म्हणाले, "काय रं?" म्हटलं, सरळ धरा, फोडी हलतील.

२८ जाने.
आबा खास सांगायला आले. "दोन तुकडं खाल्लं! व्याहीबी माळकरी, त्येंनीबी खाल्लं. हमीदभाई, ह्या पोराला हातचा सोडू नगा." चाचा तिथंच म्हणाले, एक तारखेपासून तू कारागीर. शंभर रु. जास्त.
आप्पांना लिहिलेलं खरं झालं. पण हे असं

३० जाने.
जेवण जात नाही. चाचींना विचारलं, तुम्हाला चालत नाही ते कुणी चुकून खाऊ घातलं तर? म्हणाल्या, "सांगितलं तर शिव्या घालीन. लपिवलं अन् मागनं कळलं, तर परत त्याच्या हातचं खानार न्हाय." मग म्हणाल्या, "का रं?" मी ट्रे घासायला पळालो.

२ फेब्रु.
सांगवीला गेलो. आबा गोठ्यात होते. "या कारागीर!" म्हणाले, चहा सांगत होते. तो येण्याआधीच सगळं सांगून टाकलं, एका दमात. आबांनी माळ मुठीत धरली. म्हैस शेपूट मारत होती, तिकडंच बघत राहिले.
"हमीदभाईला ठाव हाय?"
"न्हाय."
"मग मला तरी कशाला सांगितलंस? सुखात हुतो की मी. आता व्याह्याला काय तोंड दावू?"
माझ्या पगारातले चाळीस रु. बाजेवर ठेवले. घेतले नाहीत, परत पण दिले नाहीत. चहा आला, तसाच राहिला. निघालो तर मागून आवाज, "आयतवारी बारामतीला येनार हाय मी." कशाला, ते बोलले नाहीत.

३ फेब्रु.
उद्या आयतवार. आज सकाळी चाचांनी जुन्या कारागिराचा एप्रन दिला. मला मोठा होतो, दोनदा गुंडाळून बांधला. आबांच्या आधी आपणच चाचांना सांगावं. दोनदा जवळ गेलो. एकदा गिऱ्हाईक आलं. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं, तरी
अंड्याचा ब्रश वेगळ्या खिळ्याला टांगला, दांडीला लाल दोरा बांधला. चाचांनी विचारलं, हे काय? म्हटलं, ओळखायला.
दुपारी पोस्टात. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळी लिहायला जागा असते. तिथं 'कारागीर झालो' लिहायचं ठरवून आठवडा झाला. कोरीच सोडली. दर महिन्याला तीनशे जातात, आप्पा विचारणारच.
म.ऑ. केली. रु. २६०.