आबांच्या कॉटची दांडी

देवपूर, मंगळवार, संध्याकाळ

शिंदखेड्याच्या आबांना मुलगा आज घरी घेऊन गेला. आमच्या केंद्रात लोक शेवटचे दिवस काढायला येतात, मग हे असं मधेच का? मुलगा म्हणाला, “सिस्टर, घराबाहेर जीव गेलेल्या माणसाला आमच्याकडे उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. इथे काही झालं, तर आबांना अंगणातच ठेवावं लागेल.”

मॉर्फिनच्या गोळ्या बांधून दिल्या. त्या संपल्यावर गावात कोण देणार?

सकाळीच आबा कॉटची दांडी धरून मला म्हणाले होते, “आठे दुखत नही, माय. माले आठेच राहू दे.” मुलाने घरी येता ना विचारलं तेव्हा मात्र हो म्हणून मान हलवली. मान हलवली, पण दांडी सोडेनात. गाडी दारात उभी. शेवटी त्यांची बोटं मीच सोडवली, एकेक करून.